टीममधला टाइम प्रॉब्लेम: चार जणं, तीन तास, एक पेन्सिल

आडवा धागा | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, घरी आम्ही तेलुगू बोलतो.

मी सोलापुरात इंटिरिअरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदापासून आम्हाला दर पंधरवड्याला, शनिवारी, टीममध्ये टाइम प्रॉब्लेम असतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: सकाळी १० वाजता विषयाचा कागद हातात पडतो, चौघांचे गट सर पाडतात, दुपारी १ ला शीट भिंतीवर लागलेली पाहिजे. एक ए-टू शीट, जमलं तर छोटं मॉडेल. मग आमचे दोन सर आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम शीट बघत फिरतात, तीच ज्यूरी. गटाला पाच मिनिटं.

एकटीनं दिला की माझा बरा जातो, १० पैकी ७-८ पडतात. टीममध्ये आतापर्यंत तीन झाले: ५, ६, ५.

परवाचा विषय होता विडी वळणाऱ्या बाईची खोली. १० × १२ फूट, माणसं पाच, मोरी आतच, दार एक, खिडकी एक. पहिली ४० मिनिटं कन्सेप्टवर गेली. एकाला 'पान' हवं होतं, म्हणजे तेंदूच्या पानाच्या आकाराची भिंत. एकीला 'धूर'. (बाई विडी वळते, ओढत नाही, पण असो.) शेवटी 'गुंफण' ठरलं आणि ठरल्याचा एवढा आनंद झाला की सगळे चहाला गेलो. परत आल्यावर गटातल्या एका मुलानं क्लच पेन्सिल उचलली, बटर पेपर पसरला, आणि १ वाजेपर्यंत ती काही खाली ठेवली नाही. तो वाईट नाही. हात खरंच सुरेख आहे त्याचा. पण आम्ही तिघं त्याच्या खांद्यावरून बघत उभे. माझं अक्षर चांगलं, म्हणून टायटल आणि लेटरिंग माझ्याकडे. मॉडेलचा सनबोर्डही मीच कापला.

ज्यूरीत मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "ही बाई बसते कुठं?"

प्लॅनमध्ये घडीचा पलंग होता, घडीचं टेबल होतं, भिंतीला टांगलेली सायकलसुद्धा होती. बाई नव्हती. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, टेबलाशी बसते. मॅडम पुढच्या शीटकडे गेल्या.

मला उत्तर माहीत होतं. माझ्या ओळखीत आहेत विड्या वळणाऱ्या. पण तीन तासांत मी एकदाही तोंड उघडलं नाही.

टीममध्ये पटकन डिझाइन करायची काही रीत असते का? की ज्याचा हात चालतो त्याचंच चालायचं?

---

कडक भाकरी | मंगळवार, रात्री १०:५८

तीन तासांत घर? आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगच्या शेडचा रंग ठरवायला चार मीटिंगा झाल्या बे. शेवटी वॉचमननं ठरवला.

बाकी धागा काढणाऱ्याचं नाव वाचून कुणीतरी यंत्रमागाचा विषय काढलाय असं वाटून आत आलो. आता बसतो, शेंगाचटणी घेऊन.

---

बटरपेपर | मंगळवार, रात्री ११:३१

अगं, अगदी माझीच कहाणी. मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात नोकरी. कॉलेजात आमच्या गटानं पहिले पाच टीपी (टाइम प्रॉब्लेम) असेच घालवले.

आमची गाडी रुळावर आली ती एका गोष्टीमुळे. विषय मिळाला की पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या ए-फोर कागदावर खोली काढायची, घाणेरडी चालेल. मग चारही कागद टेबलावर. कागद टेबलावर पडेपर्यंत 'मला वाटतं' म्हणायला बंदी.

हे माझ्या मनचं नाही. चौघांनी एकत्र बसून कल्पना काढल्या तर जास्त निघतात, की चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या एकत्र केल्या तर जास्त, हे १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं होतं. गटही चौघांचेच होते, तुमच्यासारखे. वेगळं बसणाऱ्यांच्या, सारख्या आलेल्या कल्पना वगळूनसुद्धा, जवळपास दुप्पट निघाल्या. पुढे १९८७ मध्ये दोन संशोधकांनी कारण शोधलं: एक जण बोलत असतो तेव्हा बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत असतात, आणि वाट बघता बघता डोक्यातलं निसटतं. तुमची ती ४० मिनिटं अशीच गेली असणार.

दुसरं, कागद फिरवा. जर्मनीत १९६८ पासूनची पद्धत आहे, ६-३-५ म्हणतात: सहा जणं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं झाली की कागद शेजारच्याकडे. तो त्यात भर घालतो. चौघांत केलं तर २० मिनिटांत कागद फिरून परत आपल्याकडे येतो. आम्ही लिहायच्या ऐवजी स्केच काढायचो. गंमत म्हणजे चौथ्या हातापर्यंत गेलेल्या कागदावर कुणाची कल्पना कुठली हे सांगताच येत नाही, त्यामुळे भांडणच मिटतं.

आमचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. १० मिनिटं गप्प, २० कागद फिरवणं, १५ निवड, ६० ड्रॉइंग, ४५ मॉडेल आणि शीट, उरलेला अर्धा तास पडझडीला.

---

निवृत्त फळा | बुधवार, सकाळी ६:१५

बटरपेपर यांचं पहिलं म्हणणं मान्य. वेळापत्रकावर मात्र माझा भरवसा नाही. मी शिकवायचो तेव्हा बारा वाजले म्हणून अर्धवट प्लॅनचंच मॉडेल करायला घेतलेली पोरं पाहिली आहेत. सनबोर्ड कापून झाल्यावर कळायचं की दार मोरीत उघडतंय. घड्याळ पाळलं, खोली बिघडली.

थोडा इतिहास सांगतो, म्हातारपणाची सवय. या झटपट रेखाटनाला अजून काही ठिकाणी 'एस्किस' म्हणतात. शब्द फ्रेंच, पॅरिसच्या एकोल द बोझारमधला. तिथं स्पर्धेचा विषय मिळाला की विद्यार्थ्यानं एका खोपटात एकट्यानं बसायचं आणि ठरलेल्या तासांत, बहुधा बारा, कच्चं रेखाटन द्यायचं. पुढं आठवडे मिळाले तरी मूळ रेखाटनाची कल्पना सोडायची नाही, सोडली तर बाद. म्हणजे विचार एकट्याचा. टीम यायची शेवटी, शीट रंगवताना, कारण ज्युनिअर पोरं सिनिअरांच्या शीटला हात लावायची. शीट गोळा करायला हातगाडी फिरायची, तिला 'शारेत' म्हणत. पोरं गाडीवर बसूनही रंग भरायची म्हणे. आज जगभर झटपट डिझाइनच्या बैठकीला तोच शब्द वापरतात.

तेव्हा आडवा धागा, तुझ्या गटात दीडशे वर्षांपूर्वीचं पॅरिस चालू आहे. विचार एकाचा, लेटरिंग बाकीच्यांचं. फक्त तिथं ज्युनिअरला माहीत असायचं की आपण ज्युनिअर आहोत.

आता ज्यूरीविषयी. त्या मॅडमनी तुम्हाला अडकवायला प्रश्न विचारला नव्हता. इंटिरिअरच्या शीटकडे बघताना दुसरा प्रश्नच नसतो. इमारतवाला म्हणू शकतो की माणसं मागाहून येतील. आपल्याला तसं म्हणता येत नाही.

---

आडवा धागा | बुधवार, दुपारी ४:२०

सगळ्यांचे आभार. सर, 'दीडशे वर्षांपूर्वीचं पॅरिस' वाचून बसमध्ये एकटीच हसले.

पण एक शंका. चार कागद टेबलावर आले, मग? ठरवायचं कुणी? आमच्यात मत घेतलं तर दोन-दोन होतं. आणि पुन्हा वेळ संपत आला की ज्याचा हात चालतो त्याच्याकडंच सगळे बघतात. मीही बघते.

---

रेंडर राजा | बुधवार, दुपारी ४:३८

२०२० च्या पुढं कोण हातानं काढतंय? फोनमधल्या एआयला सांगा, 'छोटी खोली, विडी कामगार, गरम हवामान'. दोन मिनिटांत रेंडर.

---

निवृत्त फळा | बुधवार, दुपारी ४:५१

काढून बघा आणि त्या रेंडरमध्ये बाई कुठं बसली आहे तेवढं इथं सांगा.

---

रेंडर राजा | बुधवार, संध्याकाळी ५:१०

सोफ्यावर. :(

---

शहाबादी फरशी | बुधवार, रात्री ९:४५

दिवसभर साइटवर होते, आता बसून लिहिते. लांबेल.

सोलापुरात माझी छोटी प्रॅक्टिस आहे, वीस वर्षं होत आली. ऑफिसात आम्ही पाच जणं. आमचं सगळं काम म्हणजे टाइम प्रॉब्लेमच, फक्त तीन तासांच्या जागी क्लायंटचा मुहूर्त असतो.

'ठरवायचं कुणी' याचं उत्तर आधी. डिझाइनवर मत घेऊ नका. बाईवर घ्या, म्हणजे आधी एक वाक्य ठरवा: ही खोली सकाळी नऊला कशी असते? पाचांपैकी कोण कुठं? तेच रात्री अकराला. चौघांनी मिळून ही दोन वाक्यं लिहायची आणि भिंतीवर चिकटवायची. मग चार कागदांतला कुठला चालतो ते वाक्यं सांगतात, मतदान लागत नाही. 'गुंफण' या शब्दाला कुठलाही प्लॅन नाकारता येत नाही, म्हणून तो निरुपयोगी. 'सकाळी नऊला धाकटा झोपलेला असतो आणि आई वळायला बसते' याला अर्धे प्लॅन नाकारता येतात.

आता पेन्सिलचं. तुला पेन्सिल हिसकावून घ्यायची नाहीये, तुझा स्वभाव तसा दिसत नाही. मग तू सेक्शन घे, म्हणजे खोली उभी कापली तर आत काय दिसेल ते ड्रॉइंग.

१० × १२ ची खोली प्लॅनमध्ये असून असून किती? १ : २० ला पंधरा बाय अठरा सेंटीमीटर. तळहाताएवढा कागद. त्यावर चौघं वाकणार, एकच पेन्सिल मावणार, हे ठरलेलंच. पण लहान खोलीचा संसार जमिनीवर नसतोच, तो भिंतीवर असतो. फळी, खुंटी, कोनाडा, दोरी, पोटमाळा. हे प्लॅनमध्ये दिसत नाही. सेक्शन काढणाऱ्याच्या हातात खरी खोली असते आणि त्याला कुणी धक्का मारत नाही, कारण सेक्शन काढायचा सगळ्यांना कंटाळा.

एक उदाहरण देते. खिडकीचा कट्टा आपण सवयीनं ९०० मिमीवर धरतो, कारण माणूस उभा किंवा खुर्चीत असतो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईचा डोळा येतो साधारण ७०० वर. म्हणजे तिला खिडकीतून फक्त आभाळ दिसतं, आणि उजेड तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर पडतो. हातातलं काम अंधारात. हे प्लॅनमध्ये जन्मात कळणार नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यावर बघ, खिडक्या जवळजवळ जमिनीपासून सुरू होतात. बसणारी माणसं होती ती. माळवदाच्या घरात वरून उजेडाला भोक ठेवायचे, सवणं, ते नेमकं काम करायच्या जागेवर. कुणी शीट लावली नव्हती त्याची.

आणि लेटरिंगबद्दल स्पष्ट सांगते. माझं अक्षर सुंदर होतं म्हणून माझ्या पहिल्या ऑफिसात मी सात महिने नुसत्या शीटा लिहिल्या. चांगलं अक्षर असलेल्या मुलीला कुणी मुद्दाम बाजूला ठेवत नाही. सोयीचं पडतं, एवढंच. सोय मोडायला भांडावं लागत नाही, एकदा 'आज लेटरिंग तू कर' म्हणावं लागतं. त्याचं अक्षर घाण असेल तर असू दे. वाईट अक्षरामुळे आडवं पडलेलं प्रोजेक्ट मी पाहिलं नाही.

---

गुण्या ओळंबा | बुधवार, रात्री १०:२७

ताई, मी काय शिकलेला डिझायनर नाय. फर्निचरचं काम करलालोय चौदा वर्षं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सगळीकडं.

तुमच्या लोकांचं ड्रॉइंग लई देखणं असतं. पण मी ते बघून काम चालू करत नाय. आधी खोलीत जाऊन फरशीवर खडूनं आखतो. इथं पलंग, इथं कपाट. मग मालकिणीला म्हणतो, चला वहिनी, झोपा. त्या हसतेत. पण चालून बघतेत. मागच्या वर्षी एका फ्लॅटमधी कपाटाचा पल्ला २ फुटाचा आणि पलंग-कपाटाच्या मधी जागा दीड फूट. ड्रॉइंगवर पल्ला बंद दाखवलेला, कुणाला कळंना. खडूनं आखलं तर वहिनीच म्हणाल्या, अवो हे उघडायचं कसं? प्लायच्या ८ × ४ च्या पाच शीटा कापायच्या वाचल्या.

तुमची खोली १० × १२ ची. कॉलेजच्या वऱ्हांड्यात मावती की. खरी खोली खऱ्या मापानं आखा आणि चौघं आत जाऊन बसा. एकाच्या हातात पेन्सिल असती, खडू चार मिळतेत.

---

बटरपेपर | बुधवार, रात्री १०:४०

'खडू चार मिळतेत' यासाठी दंडवत घ्या दादा.

---

कडक भाकरी | बुधवार, रात्री १०:४४

मालकिणीला 'चला वहिनी, झोपा' म्हणून चौदा वर्षं धंद्यात टिकलेला माणूस. मानलं बे.

---

झिरो पॉइंट फाइव्ह | गुरुवार, रात्री १२:१८

एका मित्रानं ही लिंक पाठवली. तो पेन्सिलवाला मी. हे खातं आत्ताच उघडलं.

माझी बाजू सांगतो, मग काय बोलायचं ते बोला. चहाहून आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. शीट कोरी होती. तिघं माझ्याकडं बघत होता. मला वाटलं सगळ्यांना हेच पाहिजे. मी एकदा विचारलंही होतं, "असं चालेल ना?" आणि तिघं "हो" म्हणाला. आता तुम्ही सांगा, मी काय समजायचं?

त्या तीन तासांत मला काही मजा आली असं नाही. पाच मार्क मलाही पडले. घरी गेल्यावर हात दुखत होता.

मॉडेल तुला दिलं ते अक्षरासाठी नाही. आपल्या वर्गात तुझ्याएवढा सरळ कटर कुणाचा चालत नाही. हे तुला सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं.

पण एक विचारतो. तुला माहीत होतं बाई कुठं बसते, तर सांगितलं का नाहीस?

---

शहाबादी फरशी | गुरुवार, सकाळी ७:३०

झिरो पॉइंट फाइव्ह, लिहिलंत ते चांगलं केलंत. "चालेल ना?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" शिवाय उत्तर नसतं, घरीही नसतं. "यात काय चुकतंय?" असं विचारून बघा.

---

आडवा धागा | गुरुवार, रात्री ११:५५

दोनदा लिहून खोडलं. आता खोडणार नाही.

ओळखीत आहेत असं मी वर लिहिलंय. ओळखीत म्हणजे माझी अम्मा. आम्ही पूर्व भागात राहतो. नाना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा विड्या वळते. माझी आधीच्या सेमिस्टरची फी त्यातूनच गेली.

पहिल्या वर्षी स्टुडिओत कुणीतरी सहज म्हणालं होतं, तुझ्या ड्रॉइंगच्या नळीला तंबाखूचा वास येतो गं. वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून मी शीट घरी न आणता मैत्रिणीकडे ठेवते. आणि परवा विषयाचा कागद वाचला तेव्हा मला पहिली आठवण ती झाली. आई वळते असं म्हटलं तर सगळे माझ्याकडं वळून बघतील. म्हणून गप्प.

झिरो पॉइंट फाइव्ह, यात तुझी काही चूक नाही.

आज कॉलेजातून आले आणि टेप घेऊन अम्मासमोर बसले. तिला आधी वाटलं शिलाईचं माप घेतेय. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत ७४ सेंमी. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. उजव्या हाताला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, कारण कोरडी पानं वळताना फाटतात. डाव्या हाताला बांधलेल्या विड्यांचे कट्टे, २५-२५ चे. पाठ भिंतीला. सगळं मिळून ३ × साडेतीन फूट, साडेदहा चौरस फूट. खोली १२० ची.

ती दाराशी बसते. उजेडासाठी, असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाली, उजेड आहेच, पण पंखा तिथपर्यंत पोचत नाही. पंख्याखाली बसलं की सुपातली तंबाखू उडते. आम्ही शीटवर पंखा कुठं काढला होता? बरोब्बर खोलीच्या मध्ये. आणि वर बाण दाखवून मी स्वतःच्या सुंदर अक्षरात 'क्रॉस व्हेंटिलेशन' लिहिलं होतं.

पानांच्या गोणपाटातून पाणी ठिबकतं, म्हणून तिची ती बाजू मोरीकडे. तंबाखू कोरडी पाहिजे, म्हणून ती बाजू लांब. म्हणजे ती कुठंही बसू शकत नाही, तिची जागा ठरलेली आहे. एकोणीस वर्षं मी तिच्या अंगावरून उडी मारून बाहेर जातेय.

---

निवृत्त फळा | शुक्रवार, सकाळी ५:५०

पंख्याचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवलं, दोन वेळा हाच विषय दिला, आणि दोन्ही वेळा पोरांच्या पंख्याला टिकमार्क केला.

---

गुण्या ओळंबा | शुक्रवार, सकाळी ८:०५

अम्मांना नमस्कार सांगा. उंबऱ्यापाशी ३ × साडेतीन सोडून बाकीचं आखा आता. बघा कसं पटापट बसतंय.

---

बटरपेपर | शुक्रवार, सकाळी ९:४०

मी इंटिरिअर शिकले त्या सगळ्या पुस्तकांतली चित्रातली माणसं खुर्चीत बसलेली होती. जमिनीवर बसणाऱ्या बाईचं माप असं कुणी मला दिलंच नव्हतं. ७४ माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

पुढचा टीपी कधी? इथंच सांग.

---

आडवा धागा | नंतरचा शनिवार, रात्री ९:१५

सांगते.

गट सरांनीच पाडले, पण झिरो पॉइंट फाइव्ह पुन्हा माझ्या गटात. (सर हा धागा वाचतात की काय?) विषय: एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष. ८ × १० फूट. बाळाला पाजायला बसायची खोली.

पहिली दहा मिनिटं गप्प बसलो. आमच्यातल्या एकाला ते जमलंच नाही, तो चौथ्या मिनिटाला 'गाइज' म्हणाला. त्याला बाहेर हाकलून वऱ्हांड्यातून खडू आणायला पाठवलं. चार कागदांतले दोन सारखेच निघाले. चौघांच्याही कागदावर बाक दाराच्या समोरच्या भिंतीला. म्हणजे तेवढं एकमत, मत न घेताच.

मग दोन वाक्यं लिहिली. 'गाडी लागायला पंधरा मिनिटं आहेत. तिच्या एका हातात बाळ, एका हातात पिशवी, आणि नवरा बाहेर उभा आहे.'

मग वऱ्हांड्यात आखलं. शिपाईमामा ओरडले, पुसून देऊ म्हटलं. माझी सॅक बाळ म्हणून मांडीवर घेतली आणि बाकावर, म्हणजे दोन खुर्च्यांवर, बसले. झिरो पॉइंट फाइव्हनं बाहेरून दार उघडायची ॲक्टिंग केली आणि तिथंच उभा राहिला. म्हणाला, "मला तू सरळ दिसतेस." दार उघडलं की अख्खा फलाट आत बघणार. चारही कागद एका झटक्यात बाद.

बाक दाराच्याच भिंतीला नेला. दार उघडलं की आता समोर फक्त भिंत. पण मग दाराचा पल्ला बाकावर आदळायला लागला. पल्ला उलटा फिरवला. मग पिशवी ठेवायला हात पोचेना, म्हणून बाकाच्या टोकाला फळी. बाळाचं डोकं ज्या हातावर त्या कोपराला टेकू पाहिजे, हे आमच्या गटातली चौथी म्हणाली. तिला भाचा झालाय गेल्या महिन्यात, ती तिथं रोज बसून बघते म्हणे. टीममध्ये तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

या सगळ्यात ५० मिनिटं गेली. मी सेक्शन काढला, टेकूची उंची तिथंच ठरली. प्लॅन झिरो पॉइंट फाइव्हनं काढला. लेटरिंगही त्यानंच केलं. भयंकर आहे, 'हिरकणी'तली वेलांटी शेवटच्या क्षणी आठवली. एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं ड्रॉइंग, अर्धंच राहिलं, मॉडेलला फेविक्विक कमी पडलं आणि लावताना एक भिंत पडली.

मॅडमनी सेक्शनपाशी थांबून बाकाकडं बोट केलं. "बरोबर. आता बाळ झोपलं तर ठेवायचं कुठं?"

आम्ही चौघं एकमेकांकडं बघत राहिलो. पाळणा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

मार्क ६.

---

शहाबादी फरशी | शनिवार, रात्री ९:५०

सेक्शनचा फोटो टाक. पडलेल्या भिंतीसकट.

---

कडक भाकरी | शनिवार, रात्री ९:५२

पाचाचे सहा झाले बे! पेढे!

---

आडवा धागा | शनिवार, रात्री १०:०५

याआधीही एकदा सहा पडले होते, भाकरीदादा. :)

शीट यावेळी घरी आणलीय. अम्मानं सेक्शन बघितला आणि म्हणाली, टेकू अजून दोन बोटं खाली घे. विचारतेय मोजू का, तर वळायला बसलीय, आता उठणार नाही म्हणते.

---

झिरो पॉइंट फाइव्ह | शनिवार, रात्री १०:११

दोन बोटं म्हणजे अडीच सूत की अडीच सेंटीमीटर?

---

गुण्या ओळंबा | शनिवार, रात्री १०:१४

अडीच सुतात अर्धं बोट पण होत नाय भाऊ. दोन बोटं म्हणजे दीड इंच धरा.

---

झिरो पॉइंट फाइव्ह | शनिवार, रात्री १०:२०

धरलं. आणि पुढच्या शनिवारी टेप तू आण, माझी पाच मीटरवाली वऱ्हांड्यातून कुणीतरी ढापली.